तीन पायांवरची फायनल

थोरल्याने सोफा दिलेल्या तारखेला पोचवला, ही गोष्ट मोठीआईला काही केल्या पचत नव्हती.

सासऱ्यांनी दुकान थाटलं तेव्हापासून या घराने गिऱ्हाइकाला दिलेली तारीख कधी पाळली नव्हती. सोफा असो, गादी असो, न्हाव्याची खुर्ची असो. पाटीवर काही का रंगवलेलं असेना, लोकांच्या तोंडी दुकानाचं नाव 'पुढच्या आठवड्यात' हेच. गिऱ्हाईक चिडायचं, दारात उभं राहून सात पिढ्यांचा उद्धार करायचं, आणि पुन्हा यायचं. कारण इथे बांधलेली स्प्रिंग सोफ्याचा मालक बदलला तरी कुरकुरत नसे. हा लौकिक मोठीआईने नवऱ्यामागे एकटीने राखला होता. आणि तिच्या पोटचा थोरला आज सकाळी, नेमका आज, ती अंघोळीला गेलेली बघून टेम्पो बोलावतो काय आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंचा सोफा घरपोच करतो काय!

"लाज कशी वाटली नाही तुला?" दुकानाच्या मधोमध, काथ्याच्या कचऱ्यात, सोफ्याएवढा स्वच्छ चौकोन उरला होता. त्याच्या कडेला उभी राहून ती विचारत होती, जणू तिथून घरचं माणूस उचलून नेलंय.

"तारीख आजची दिली होती," थोरला म्हणाला. त्याच्या ओठांत बारीक खिळे होते. कुणाशी बोलायचं नसलं की तो खिळे तोंडात धरी, आणि अलीकडे ते सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच असत.

"तारीख म्हणे! तुझ्या बापाने जन्मात कधी पाळली?"

"म्हणून मी पाळली."

"खिळे काढ आणि बोल."

त्याने काढले नाहीत.

दुःख सोफ्याचं नव्हतं. आज दुपारी जागतिक स्पर्धेची फायनल होती, बायकांची, वीस वीस षटकांची. त्यात थोरल्याची लेक फिरकी टाकणार होती. ही नात उभी राहायला शिकली तीच जागच्या जागी गरगर फिरत, म्हणून मोठीआईने तिला भिंगरी म्हटलं होतं. मग पोरीने तीच खोड चेंडूला लावली आणि समुद्रापलीकडे जाऊन पोचली.

उपांत्य सामना घरच्यांनी दुकानातच पाहिला होता, दुरुस्तीला आलेल्या याच सोफ्यावर. तेव्हा त्याचं कव्हर फाडलेलं होतं आणि एक पाय काढून ठेवलेला होता. मोठीआई मधे, तिच्या उजवीकडे थोरली सून, डावीकडे जावई. मोठीआईची लेक सोफ्याच्या हातावर, धाकटा मुलगा पाठीमागे उभा. थोरला खाली पाय नसलेल्या कोपऱ्याशी पट्टे ठोकत होता, कारण पोरीचा सामना बघायला त्याला वेळ नसे. सामना हातचा गेलाच होता. तेवढ्यात सोफा कलंडायला लागला, थोरल्याने खालून खांदा लावला, आणि त्याच चेंडूवर भिंगरीने बळी घेतला. मोठीआईने तिथल्या तिथे फर्मान काढलं: जो जसा आहे तसाच राहील. जावयांना तोवर झोप लागली होती. त्यांना कुणी उठवलं नाही. थोरला शेवटपर्यंत सोफ्याखाली राहिला. गेलेला सामना परत आला.

"काहीतरीच असतं तुमचं," थोरला तेव्हा खालून म्हणाला होता.

"असू दे. तू खांदा काढू नकोस," तिने वरून सांगितलं होतं.

आणि आजच्या सामन्यावर नुसता कप अवलंबून नव्हता. भिंगरी स्पर्धेला निघाली त्या दिवशी थोरल्याने सगळ्यांसमोर अट घातली होती. जिंकून आली तर खेळत राहावं. हरली तर तिचा खेळ संपला. दुकानात शिलाईच्या मशीनवर बसायचं, कायमचं. "चालेल बाबा," असं म्हणून पोरगी बॅग उचलून गेली. मोठीआई तेव्हा गप्प राहिली. मुलगा चारचौघांत शब्द बोलून बसला तर आईने तो मोडायचा नसतो, त्याच्याच हातून मोडून घ्यायचा असतो, एवढं तिला कळत होतं. कसा, ते मात्र अजून सुचलेलं नव्हतं.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?" धाकट्याने विचारलं.

"सोफा असेल तिथे. पाना घे बरोबर."

"दादाला काय म्हणायचंय ते तरी ऐक आई," लेक म्हणाली. ती पहिल्यापासून थोरल्याच्या बाजूची. "पोरगी आणखी किती दिवस उन्हात करपणार? घरी आली तर बिघडलं काय?"

"तुझ्या नवऱ्याला उठव आणि चल."

थोरला म्हणाला, मी येत नाही. मोठीआई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने त्याने खिळे तोंडातून काढले, डबीत टाकले आणि हात पुसले.

*

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच एकट्या राहत. दार उघडलं तर समोर अख्खं कुटुंब.

"सोफ्यात काही राहिलं का तुमचं?"

"आम्ही राहिलोय," मोठीआई म्हणाली आणि आत शिरली.

सोफा खिडकीखाली ठेवला होता. नवं हिरवं कव्हर, चारही पाय जागच्या जागी, असा काही ऐटीत की मोठीआईला क्षणभर कामाचा अभिमान वाटला आणि मग त्या अभिमानाचाच राग आला. समोर टीव्ही चालू होता. आपल्या पोरींची बॅटिंग संपली होती. धावा बऱ्या झाल्या होत्या, भरपूर नव्हत्या.

"डॉक्टरीणबाई, पाय काढावा लागेल."

"कुणाचा?"

"सोफ्याचा हो."

"अहो आजी, आज सकाळी तर लावून आणलात!"

"काढणं आणि बसवणं हा धंदाच आहे आमचा. तुम्ही दातांचं दुसरं काय करता?"

धाकटा तोवर पाना घेऊन खाली वाकलाही होता. डॉक्टरीणबाई एकेकाच्या तोंडाकडे बघू लागल्या, आणि मोठीआईने त्यांना सगळं सांगितलं. अगदी सरळ, जसं गिऱ्हाइकाला कापडाचा पन्हा सांगावा तसं. उपांत्य सामना, खांदा, बळी, अट, सगळं.

"म्हणजे तुम्ही माझ्या सोफ्यावर बसून..." डॉक्टरीणबाईंनी सोफ्याकडे बोट केलं. "दुरुस्तीला दिलेल्या सोफ्यावर?"

"दुरुस्त झालाय की नाही हे बसल्याशिवाय कळतं का?"

"त्या दिवशी कव्हरसुद्धा नव्हतं," लेक म्हणाली आणि शिवणीवर नख फिरवू लागली. बिचारी होती थोरल्याच्या बाजूची, पण एकदा काम निघालं की ते नीट व्हावं असा तिचा स्वभाव.

"कव्हरला हात लावलात तर पोलिसांना बोलावीन!"

"राहू दे गं," मोठीआई म्हणाली. "कव्हर राहू दे. बाईंनी पाय दिला, आपण कव्हर सोडू."

सगळे आपापल्या जागी बसले. जावयांनी डोळे मिटले. "मला झोप येत नाहीये," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

"असं कसं? जावईबापू, एरवी तुम्ही घास हातात धरून झोपता."

"तेव्हा कुणी सांगितलेलं नसतं."

"घोरा नुसते," लेक म्हणाली. "तेवढं तरी करा माझ्या भाचीसाठी."

जावई घोरू लागले. आवाज इतका खोटा होता की मोठीआईच्या अंगावर काटा आला, पण तिने चालवून घेतलं. आता थोरलाच राहिला होता. तो दाराशी भिंतीला टेकून उभा होता.

"मी नाही झोपणार खाली. माणूस आहे मी, पाय नाही."

सोफा त्या कोपऱ्यात कलत होता आणि धाकटा मागून पाठ धरून घामाघूम झाला होता. तेव्हा थोरली सून बोलली. घर सोडल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं.

"अहो, सोफा तुम्ही पाठवलात. अट तुम्ही घातलीत. आता खांदा काय मी लावू?"

थोरला आडवा झाला. डोकं आणि खांदा सोफ्याखाली, बाकीचा सगळा गालिच्यावर. सोफा सरळ झाला.

"अजून काहीतरी कमी आहे," मोठीआई म्हणाली. तिने डोळे बारीक करून आठवलं. "डॉक्टरीणबाई! तुम्ही होतात की त्या दिवशी!"

"मी?"

"दुकानाच्या दारात. सोफा मागायला आला होतात आणि कव्हर नसलेला तुमचाच सोफा ओळखला नाहीत. शेवटपर्यंत भांडत होतात. जा बरं, दारात उभ्या राहा."

"माझ्याच घराच्या दारात?"

"आणि भांडा."

"काय म्हणून?"

"त्या दिवशी काय म्हणालात?"

डॉक्टरीणबाई लाजल्या. "मी म्हणाले होते की तुम्ही लबाड आहात."

"हां. तेच. जरा मोठ्याने."

*

समोरच्या संघाच्या बायका दणादण मारत होत्या. डॉक्टरीणबाई उंबऱ्यात उभ्या राहून आधी भीत भीत म्हणाल्या, "लबाड आहात तुम्ही." तेवढ्यात एक बळी पडला. मग त्यांचा आवाज चढला. "दर वेळी पुढचा आठवडा! तुम्हाला गिऱ्हाइकाची काही किंमत आहे की नाही?" आणखी एक पडला. जिन्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने वाकून पाहिलं, आणि डॉक्टरीणबाई आपल्याच घराला शिव्या घालताहेत हे बघून तो घाईने खाली उतरला.

"काय झालं? कोणी घेतला?" सोफ्याखालून आवाज आला.

"तुम्हाला काय करायचंय?" सून म्हणाली. "तुम्हाला वेळ नसतो ना."

"तसं नाही. नुसतं विचारलं."

मोठीआईचे डोळे टीव्हीवर होते, पण डोकं सकाळपासून एकाच जागी घुटमळत होतं. आता माणूस हलू शकत नव्हता आणि ती त्याच्या वर बसली होती. इतकी चांगली संधी कोर्टातसुद्धा मिळत नाही.

"टेम्पोवाल्याला कधी सांगून ठेवलं होतंस रे?"

थोरल्याने खांदा जरा सरकवला.

"मला म्हणाला, डॉक्टरीणबाईंचा फोन आला, फार घाई आहे," धाकटा मागून म्हणाला.

दारातल्या डॉक्टरीणबाई शिव्या मधेच तोडून म्हणाल्या, "मी कुठे फोन केला? मी तर त्या सोफ्याचा नाद सोडला होता!"

"तुम्ही थांबू नका," मोठीआईने त्यांना बजावलं. मग खाली वाकून म्हणाली, "ऐकलंस? म्हणजे तू मुद्दाम पाठवलास. काहीतरीच असतं आमचं, असं म्हणणारा माणूस सकाळी उठून सोफा पळवतो! कशासाठी? पोरगी हरावी म्हणून?"

जावयांचं घोरणं थांबलं. सून टीव्हीकडे बघत होती, पण तिला काही दिसत नसावं.

"दादा," लेक म्हणाली, "मी सारखी तुझी बाजू घेत होते रे. पोरगी घरी यावी एवढंच मला वाटत होतं. ती हरावी असं नाही वाटलं कधी. नाही म्हण ना."

मग सोफ्याच्या पोटातून, काथ्यातून यावा तसा आवाज आला.

"स्प्रिंगा बांधायला दोन माणसं लागतात. सुतळीचं एक टोक मी ओढायचो, दुसरं ती. दहा वर्षांची असल्यापासून. ओढता ओढता बडबडायची. आज शाळेत हे झालं, मैदानावर ते झालं. ती गेल्यापासून दुसरं टोक खिळ्याला बांधतो." तो थांबला. "खिळा काही बोलत नाही."

"मी असतो की दुकानात," धाकटा दुखावून म्हणाला.

"तू फोनवर असतोस."

दारातून डॉक्टरीणबाईंचा घसा बसलेला आवाज तेवढा येत होता: "फसवलंत मला! सरळ सरळ फसवलंत!"

"दिवसभर तोंडात खिळे धरलेल्या माणसाशी कोण बोलेल?" मोठीआई शेवटी म्हणाली. पण म्हणताना तिने पाय जरा बाजूला घेतला, त्याच्या खांद्यावरचा भार कमी व्हावा म्हणून.

आता एकच षटक उरलं होतं आणि चेंडू भिंगरीच्या हातात आला. कॅमेऱ्याने तिचा चेहरा जवळून दाखवला. घामाने केस कपाळाला चिकटलेले, ओठ आवळलेले. हुबेहूब बाप. फक्त खिळे नव्हते.

"तिला दिलंय का षटक?" खालून.

"हो," सून म्हणाली. आवाजातला राग आता दमला होता. "पहिला टाकला. एक धाव."

"उंच दिला का? त्या बाईला उंच द्यायला पाहिजे."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ऐकतोय ना इतका वेळ. ती पुढे येऊन मारते."

"दुसरा. एकही नाही. हुकली ती."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

सून एकेक चेंडू सांगत गेली आणि खालचा माणूस एकेका चेंडूला हुंकार देत गेला. सोफा त्या हुंकारांनी हलत होता. एक चौकार गेला तेव्हा तो इतक्या कळवळून "अरेरे" म्हणाला की मोठीआईने खाली पाहिलं. गालिच्यावरचे त्याचे पाय आखडून गेले होते. ज्याने सामना बुडावा म्हणून टेम्पो बोलावला, त्याचे ते पाय नव्हते.

शेवटचा चेंडू. समोरच्यांना जिंकायला चौकारच हवा होता. मैदानात सगळे उभे राहिले. जावयांनी दोन्ही डोळे उघडले आणि लेक त्यांना मारायलाही विसरली.

"काय चाललंय?" थोरला म्हणाला. "टाकला का?"

सून सांगायला लागली. मोठीआईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

सुनेने चमकून सासूकडे पाहिलं. मोठीआईने मान हलवली. सबंध स्पर्धाभर जिने कुणाला शिंकू दिलं नव्हतं, ती बाई काय करतेय हे सुनेला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले.

"अगं सांग ना! काय झालं?"

कुणी बोललं नाही. डॉक्टरीणबाईसुद्धा थांबल्या होत्या.

"आई? जावईबापू? अरे, कुणीतरी सांगा रे! माझी पोरगी आहे ती!"

भिंगरी धावायला लागली. थोरल्याने खांदा काढला आणि तो गुडघ्यांवर रांगत बाहेर आला.

सोफा कोसळला. मोठीआई सुनेवर, जावई मोठीआईवर, लेक हातावरून सरळ गालिच्यावर, आणि पाठ धरलेला धाकटा सगळ्यांच्या वरून उलटा. त्या ढिगातून कुणाला काही दिसलं नाही. जावयांचं कोपर मोठीआईच्या डोळ्यांसमोर होतं. तिला फक्त थोरला दिसत होता, टीव्हीसमोर गुडघ्यांवर, केसांत काथ्या, तोंड उघडं.

तो बघत होता. मैदानातून आधी मोठा आवाज आला, मग त्याहून मोठा.

"झेल!" थोरला ओरडला. मग, "धर! अगं धर!" मग त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"काय झालं?" या वेळी ढीग विचारत होता.

"सोडला." त्याला धाप लागली होती. "हवेत थांबवला तिने चेंडू. मी पाहिला. थांबला होता! ती बाई पुरती फसली, आकाशात उडवला तिने. सीमेवर उभीच होती आपली दुसरी, हातात पडला तिच्या आयता. आणि सोडला. वरून दोरीपलीकडे गेला."

"म्हणजे हरलो," धाकटा गालिच्यावरून म्हणाला.

"तू खांदा सोडलास म्हणून," जावई म्हणाले.

"मी सोडला म्हणून नाही! त्या बाईने झेल सोडला म्हणून! असे झेल धाकटासुद्धा घेतो!"

लेक उठून बसली. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. "झालं तर मग," ती थकून म्हणाली. "भिंगरी आता मशीनवर."

"मशीनवर का?"

"हरली ना, दादा. अट होती."

"ती कुठे हरली?" थोरला तिच्या अंगावर धावून गेल्यासारखा म्हणाला. "तिने काय करायचं राहिलं होतं? ज्या बाईने झेल सोडला तिला बसवा मशीनवर! माझी पोरगी खेळेल. असा चेंडू टाकणारी पोरगी उशांना खोळी शिवणार? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कुणी घातली असली अट?"

टीव्हीवर भिंगरी झेल सोडणाऱ्या पोरीला जवळ घेऊन तिच्या पाठीवर थोपटत होती. थोरल्याला ते दिसलं आणि तो टीव्हीपुढे खाली बसला.

"आणि सुतळी?" सुनेने हळूच विचारलं.

"खिळा धरतो की," तो म्हणाला. "चांगला धरतो. ती रात्री फोन करेलच ना कधीमधी. मी तोंडात काही धरणार नाही."

डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांनी आपल्या सोफ्याकडे पाहिलं. तो एका कोपऱ्यावर बसला होता, दमलेल्या गाढवासारखा. "पाय लावून द्याल ना?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पुढच्या आठवड्यात," धाकटा सवयीने म्हणाला.

थोरला अजून टीव्हीकडे बघत होता. मोठीआईने जावयांना ढकलून बाजूला केलं, सुनेच्या मांडीवरून आपलं अंग सोडवलं आणि जमिनीवरच, जशी पडली होती तशी, ताठ बसली.

"इकडे बघ," ती थोरल्याला म्हणाली. "पोरीचा एक चेंडू बघायला तू आईला जमिनीवर आपटलंस. बरं केलंस. आता उचल मला."